केडगावच्या छापखान्यातील स्त्रिया

‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ या येशूच्या वचनावरील चर्चेत त्याचा अर्थ आतापर्यंत प्रभावी प्रवचन आणि श्रद्धेची जाहीर साक्ष असा लावला गेला आहे. तो मला अपुरा वाटतो, कारण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात, हे वचन असलेल्या त्याच पाचव्या अध्यायात, लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत असे लगेच पुढे म्हटले आहे. उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचा उल्लेखही झाला, पण तो विधवांना आसरा देण्यापाशीच थांबला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या हे खरे. परंतु पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशन या रमाबाईंच्या आश्रमात त्यांना नुसते खाऊपिऊ घालून ठेवले नाही, तर शेती, विणकाम, शिवण आणि छपाई शिकवली, शिवाय अंध स्त्रियांना ब्रेल लिपीतून वाचायला शिकवण्याची सोय केली.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या भाषांतराचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवणे आणि छपाई मात्र आश्रमातल्याच स्त्रियांनी केली, आणि या चर्चेत रमाबाईंइतकीच त्यांचीही दखल घेतली जावी, असे माझे मत आहे.