टेस्लिन ट्लिंगिटांचं कुळांवर चालणारं सरकार, हे जमतं कसं?

पेठेतला_पोरगा
मंडळी नमस्कार, एलएलबी दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आणि विषय पदरात पडलाय कॅनडाच्या युकॉन प्रदेशातले टेस्लिन ट्लिंगिट, म्हणजे तिथला एक मूळ रहिवासी समाज. आत्तापर्यंत कळलंय ते असं, यांची पाच कुळं आहेत, कूळ आईकडून येतं, प्रत्येक कूळ आपली पाच माणसं पाठवतं आणि त्यांची 25 जणांची जनरल काउन्सिल बनते. कार्यकारी मंडळातपण प्रत्येक कुळाचं माणूस. कॅनडाशी स्वशासनाचा करार 1993 चा, लागू 1995 पासून. हे सगळं सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग ही जात पंचायतच झाली की रे, आपण 2016 ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो काय उगाच? वर्ग हसला आणि मी गप्प. तर कुणी जाणकार असेल तर सांगा, कूळ आणि लेखी कायदा एकत्र नांदतात कसे, आणि सरांना काय सांगू.

मोहाचं_झाड
सरांना पहिलं हे सांग की जातीत लग्न आतच करतात आणि कुळात बाहेरच करावं लागतं, इथूनच सगळं उलटं होतं. ट्लिंगिटांत मुळात दोन बाजू, कावळा आणि लांडगा, तीन कुळं कावळ्याकडं आणि दोन लांडग्याकडं, आणि परंपरेनं लग्न समोरच्या बाजूतच. आपल्या गोंडांत बघ ना, देवांच्या संख्येवरून गट, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, सहा देव्यांची मुलगी सहा देव्यांत देत नाहीत, साधारण तीच गोष्ट. मग होतं काय की घरात आई एका बाजूची, बाप दुसऱ्या, त्यामुळं 'आपलं कूळ विरुद्ध त्यांचं कूळ' असं भांडण फार ताणता येत नाही कारण 'त्यांचं' म्हणजे तुझा बाप आणि तुझ्या आत्या.

आणि लग्नावरच थांबत नाही. घरात कुणी गेलं तर त्या कुळाचे लोक कामाला हात लावत नाहीत. शवपेटी, खड्डा खणणं, आलेल्यांचा स्वयंपाक सगळं समोरची बाजू करते. मग वर्षभरानं वगैरे ज्यांचं माणूस गेलं ते कूळ मोठं जेवण घालतं आणि कुणी खड्डा खणला, कुणी रांधलं त्या एकेकाला सगळ्यांदेखत ब्लँकेट, पैसे देऊन फेड करतं. हाच पॉटलॅच, जो कॅनडानं 1885 ते 1951 बेकायदा ठरवून ठेवला होता! आणि वरून मूळ रहिवाशांसाठीच्या इंडियन अ‍ॅक्ट या कायद्याचं बँड काउन्सिल, म्हणजे सरकारी साच्यातली पंचायत लादली, त्यात कुळाला जागाच नाही, खालच्या अधिकाऱ्यालापण ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, विचारून काम. म्हणजे यांनी स्वशासनात जे केलं ते मधेच तोडलेलं पुन्हा जोडून घेणं आहे. सरांना पॉटलॅचचं नक्की सांग, जात पंचायत वाळीत टाकते, इथं समोरच्यानं खांदा दिल्याशिवाय तुझी माती होत नाही.

कर्वेनगरचे_काका
ऐकायला छान आहे सगळं. पण मला सांगा, कूळ लहान असो वा मोठं, जागा पाचच. मग एक माणूस एक मत गेलं कुठं? शिवाय तीन कुळं कावळ्याची म्हणजे 15 विरुद्ध 10, लांडगेवाले कायम अल्पमतात. आणि समजा एखादी मुलगी आपल्याच कुळातल्या म्हाताऱ्यांशी भांडली, तिनं जायचं कुठं? आम्ही सोसायटीच्या कमिटीत 30 वर्षं काढली, सहमती म्हणजे काय असतं ते आम्हाला शिकवू नका, जो सगळ्यात उशिरापर्यंत बसतो त्याचं खरं होतं.

वकिली_चष्मा
काका, 15-10 चा मुद्दा मतदान घेतलं तर. तिथं निर्णय सहमतीनं करायची पद्धत आहे, त्यामुळं लहान कूळही निर्णय अडवू शकतं, त्याला आकड्यानं दाबता येत नाही. लोकसंख्येप्रमाणं जागा नाहीत हे खरंय, पण अमेरिकन सिनेटमध्ये वायोमिंगला दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोनच, त्याला आपण मागास म्हणत नाही. उशिरापर्यंत बसणाऱ्याचं मात्र पटलं, त्याच्यावर कायद्यात औषध नाही 😄

मुलीच्या प्रश्नाला दोन भाग. एक, 2011 ला यांनी कॅनडा आणि युकॉन सरकारशी न्यायदानाचा करार केला, त्यातून पीसमेकर कोर्ट आलं. आधी समेटाचा प्रयत्न आणि नाहीच जमलं तर रीतसर निवाडा. कुळप्रमुखांची जस्टिस काउन्सिल आहे पण खटल्याचा निकाल ती देत नाही, ते काम कोर्टाचं. म्हणजे प्रमुखानं पारावर बसून दंड ठोकला असला प्रकार नाही. जात पंचायतीपेक्षा फरक कुठं विचारलं तर मी हाच सांगेन, मोहाचं झाड यांचं पॉटलॅच नंतर, कारण परीक्षक वकील असणार.

दोन, कॅनडाच्या चार्टरमधले मूलभूत हक्क. यावर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच, डिक्सन विरुद्ध वुंटुट ग्विचिन. वुंटुट ग्विचिन हाही युकॉनचाच स्वशासित मूळ रहिवासी समाज, त्यांच्या राज्यघटनेत नियम की काउन्सिलवर निवडून आलात तर 14 दिवसांत ओल्ड क्रोला राहायला या. ओल्ड क्रो आर्क्टिक वृत्ताच्या वर, तिथं रस्ता जात नाही, विमानानं जायचं. या डिक्सनबाई युकॉनच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला राहायच्या, मुलाच्या उपचारामुळं हलणं शक्य नाही, म्हणून कोर्टात गेल्या. बहुमताचा निकाल असा की चार्टर स्वशासित नेशनलाही लागू आहे, पण मूळ रहिवाशांचे हक्क चार्टरमुळं कमी होऊ नयेत असं सांगणाऱ्या त्यातल्याच कलम 25 मुळं त्यांचा हा नियम वाचतो. माझं मत विचारशील तर बाईंवर अन्याय झाला आणि तरी निकाल बरोबर आहे. सेमिनारला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, कूळ बाजूला ठेव आणि हे घे.

युकॉनची_सून
मूळची सहकारनगर, आता व्हाइटहॉर्स. टेस्लिन इथून अलास्का हायवेवर दोनेक तास, तळ्याकाठी हेरिटेज सेंटर आहे, बाहेर पाच खांब, प्रत्येक कुळाचा एक, कावळा, बेडूक, बीव्हर, लांडगा, गरुड. हा हायवे 1942 ला अमेरिकन सैन्यानं काढला आणि त्याबरोबर गोवरासारख्या साथी आल्या, गाव पार खचलं होतं. एक सांगते, इथं हे कुणाला नवलाचं वाटत नाही, युकॉनच्या 14 फर्स्ट नेशन्सपैकी, म्हणजे मूळ रहिवासी समाजांपैकी, 11 कडं स्वशासन आहे. मीटिंगा, बजेट, ऑडिट, घरांची वेटिंग लिस्ट, सगळं आपल्या नगरपालिकेसारखंच कंटाळवाणं. पैसा मुख्यतः ओटावाकडून करारानं येतो, त्यावरून दर वेळी घासाघीस.

पेठेतला_पोरगा
बाप रे, एवढं अभ्यासिकेत महिनाभर बसून मिळालं नसतं. वकील दादा, डिक्सन आजच डाउनलोड करतो. आपल्याकडं पेसा आहे ना 1996 चा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याच्याशी तुलना केली तर चालेल का?

मोहाचं_झाड
कर, पण जपून. पेसात एकक ग्रामसभा आहे, कुळाला कायद्यात स्थान नाही, आणि आपले महाराष्ट्राचे नियमच आले 2014 ला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात सहमतीनं निर्णय होतात ते गावाच्या जोरावर, 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला तोही गावाला. स्वतःचा कायदा करायचा आणि तो राज्याच्या कायद्याशी भिडला तर आपला चालायचा, असा अधिकार टेस्लिनला बऱ्याच विषयांत आहे, ग्रामसभेला नाही. तुलना करायचीच तर राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतले, म्हणजे स्वायत्त जिल्हा परिषदा असलेले मेघालयचे खासी घे, तिथंही कूळ आईकडूनच. क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन संस्थेची लायब्ररी आहे, तिथं जाऊन बस, आणि जाताना कॉलेजचं पत्र ने नाहीतर गेटवरच अडकशील.