हेडर आणि बॉडी: शीर्षक-देह, मायना-मजकूर की आणखी काही?

अर्धविराम:
जावा प्रोग्रॅमिंगच्या वर्गासाठी मराठी टिपणं काढतेय. जावा ११ मध्ये आलेल्या एचटीटीपी क्लायंटवर (सर्व्हरला वेब-विनंत्या पाठवणारा भाग) अडलेय: विनंतीच्या 'हेडर'ला (तिच्याविषयी सांगणाऱ्या नाव-किंमत ओळी) आणि 'बॉडी'ला (पाठवायचा प्रत्यक्ष डेटा) मराठीत काय म्हणायचं? लिहिलं होतं, 'विनंतीला शीर्षके जोडा व देह द्या.' सोबत शिकवणारे सर म्हणाले, देहदानाचा फॉर्म आहे का हा? शिवाय शीर्षक एकच असतं, इथे हेडर दहा-दहा. काय लिहू?

मोडीप्रेमी:
मायना आणि मजकूर! जोडी तयार आहे, आपण विसरलो इतकंच. सा.न.वि.वि. सोडवून बघा: साष्टांग नमस्कार विनंती विशेष. रिक्वेस्ट मायन्यातच बसलीय.

तात्या_कोडे:
नाही पटत. मायन्यात नातं असतं, तीर्थरूप, चिरंजीव वगैरे. कॉन्टेन्ट-टाइप हा हेडर सांगतो मजकूर कसला आहे, ऑथोरायझेशन हा हेडर सांगतो आणणारा कोण. हे पाकिटावरचं काम.

रिकामी_ओळ:
पाकीट कुठलं, तात्या? एचटीटीपी १.१ मध्ये सगळं एकापाठोपाठ जातं. हेडरच्या ओळी, मग एक कोरी ओळ, मग बॉडी. बॉडीनंतर ट्रेलरही (हेडरसारख्याच, पण शेवटी येणाऱ्या ओळी) येऊ शकतात, म्हणजे 'कळावे, लोभ असावा' सुद्धा आहे. माझं मत मायन्याला.

शुद्धमती:
मायना, मजकूर दोन्ही अरबी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश केला तो फारसी-अरबी शब्द काढायलाच ना? 'शीर्षलेख' आणि 'आशय' लिहा.

मोडीप्रेमी:
कोश झाला ताई, तरी पेशवे दप्तरात 'मजकूर' पानोपानी आहेच. मूळ अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला तो'. मौजे मजकूर, सन मजकूर. पोलिसांच्या कागदात 'मजकूर इसम' अजून भेटतो. त्याला 'आशय इसम' म्हणणार का?

भुसावळ_जंक्शन:
बॉडीला 'ऐवज' का नको? चोरीच्या बातमीत रोख, दागिने, सगळं त्यात मावतं. 'ऐवजी' पण त्याच घरातला, मूळ अर्थ मोबदला.

तात्या_कोडे:
मग गेटला (सर्व्हरकडून काही मागवणारी विनंती) ऐवज पाठवायचा नाही हेही लिहा. पाठवला तर त्याचा अर्थ काय, हे एचटीटीपीच्या प्रमाणकात ठरवलेलंच नाही.

रिकामी_ओळ:
नामावर भांडण चाललंय, घोळ क्रियापदात आहे. हेडर() हे फंक्शन नाव-किंमत *जोडतं*, सेटहेडर() आधीची *बदलतं*. आमच्याकडे एका मुलानं हेडर() नं ऑथोरायझेशन दोनदा दिलं, वाटलं दुसरं पहिल्याला पुसेल. दोन्ही गेले, सर्व्हरनं ४०० ('विनंती चुकीची') तोंडावर मारला. टिपणात मात्र दोन्हीकडे 'सेट करा'! जावाच्या जुन्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनमध्ये सेट-रिक्वेस्ट-प्रॉपर्टी आणि ॲड-रिक्वेस्ट-प्रॉपर्टी अशी नावंच बोलकी होती. नव्यात नुसतं 'हेडर', म्हणून मराठीत 'हेडर लावा' लिहिलं की कुणालाच पत्ता लागत नाही. बॉडीला तर स्वतंत्र 'सेट' नाहीच. ती पोस्ट() च्या (डेटा पाठवणारी विनंती) कंसात, बॉडी-पब्लिशर्सच्या ऑफ-स्ट्रिंग या फंक्शनमधून जाते.

तात्या_कोडे:
आणि कॉन्टेन्ट-लेंग्थ (बॉडी किती बाइटची ते सांगणारा हेडर) हातानं लावायला गेलात तर क्लायंट सरळ इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन ही चूक फेकतो. मोजणी त्याची तोच करतो, तेच बरं. 'नमस्ते' यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) १८ बाइट. पोरं चार अक्षरं मोजतात आणि ४ लिहितात.

शुद्धमती:
'जोडा' आणि 'बदला' उत्तम, मराठी आहेत. तसाच 'शीर्षलेख' घ्या.

भुसावळ_जंक्शन:
शीर्षलेख म्हटलं की पानाच्या डोक्यावरची ओळ आठवते, पृष्ठ क्रमांकासकट. आणि ताई, शुद्धतेचं बोलताय तर ऐका: रेफरर हेडरच्या (आधीच्या पानाचा पत्ता सांगणारा) स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तसंच छापलं, आता तेच प्रमाण. नीट दोन आर घालून पाठवलंत तर सर्व्हर त्याकडे बघणारही नाही.

शुद्धमती:
इंग्रजांनी चूक केली म्हणून आपण मराठी बिघडवायची, हा कुठला न्याय?

मोडीप्रेमी:
बिघडवतंय कोण? 'मजकूर' रोज छापून येतो, 'आशय' परिसंवादात.

अर्धविराम:
पण मग मायना घेतला तर त्यातल्या एका ओळीला काय म्हणू? 'मायन्याची ओळ'?

तात्या_कोडे:
'कलम'.

शुद्धमती:
कलम अरबी.

भुसावळ_जंक्शन:
आंब्याचं की कायद्याचं?