अक्ष की आस? आणि 'वाय धन' म्हणजे कोणती बाजू?

प्रश्न (धरमपेठ): सस्पेन्शनच्या (चाकं गाडीला जोडून धक्के शोषणाऱ्या यंत्रणेच्या) मराठी टिपणात ॲक्सिस आणि ॲक्सल दोन्हींना 'अक्ष' लिहिलंय. चालेल का? आणि 'वाय धन' (वाय अक्षाची + दिशा) म्हणजे गाडीची डावी बाजू की उजवी?

उत्तर (हिंगणा): नाही चालत, भाऊ. चाकं धरणारा दांडा तो आस. नुसती कल्पित रेषा तो अक्ष. 'किंगपिन अक्ष' (स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती रेषा) मात्र बरोबर. बॉल जॉइंटच्या (गोल डोक्याच्या, सगळीकडे फिरणाऱ्या सांध्याच्या) गाडीत तिथे पिन नसतेच, वरच्या-खालच्या जॉइंटमधून जाणारी रेषा असते.

बाजूचं उत्तर पद्धतीवर आहे. आयएसओ ८८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. एसएई जे६७० या अमेरिकी मानकाच्या जुन्या रूपात एक्स पुढे, वाय उजवीकडे, झेड खाली. २००८ च्या आवृत्तीत झेड वर आणि झेड खाली दोन्ही मान्य आहेत, म्हणून नुसतं 'जे६७० प्रमाणे' लिहून भागत नाही. डावं-उजवं नेहमी चालकाचं धरायचं, समोर उभं राहून पाहणाऱ्याचं नाही.

उत्तर (प्रतापनगर): आरंभबिंदूही लिहा. आपल्या नागपुरात झिरो माईलच्या खांबापासून अंतरं मोजतात असं म्हणतात, तसा गाडीतही एक बिंदू ठरवावा लागतो. बहुतेक पुढच्या आसाच्या मध्यावर किंवा त्याच्या बरोब्बर खाली जमिनीवर.

समजा, आरंभबिंदू जमिनीवर आहे आणि डाव्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचा) बाहेरचा बॉल जॉइंट आयएसओत (१५, ६९०, १८५) मिमी आहे. झेड खाली धरणाऱ्या पद्धतीत तो (१५, −६९०, −१८५) होतो. वाय आणि झेड, दोन्ही चिन्हं एकदम बदलतात. फक्त झेडचं बदललं तर डावा आर्म उजवीकडे जातो. दोन्ही बाजू सारख्या असल्याने चित्र ठीकच दिसतं. स्टिअरिंग कॉलमसारखा एका बाजूचा भाग जोडला की घोटाळा उघड होतो. उजव्या हाताची तर्जनी एक्स, मधलं बोट वाय, अंगठा झेड, असं करून आधीच तपासा.

पिचचं (नाक वर-खाली होण्याचं) चिन्हही उलटतं. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, ते आयएसओत धन, झेड-खालीत ऋण. रोल (गाडीचं बाजूला कलणं) मात्र तोच राहतो, कारण एक्स हललेला नाही.

प्रश्न (धरमपेठ): मग उजव्या चाकाचा धन कॅम्बर (उभ्या रेषेपासून चाकाचा कल) आयएसओत ऋण होईल का जी?

उत्तर (हिंगणा): नाही. चाकाचा माथा बाहेर झुकला की कॅम्बर धन, दोन्ही बाजूंना. हे चिन्ह गाडीच्या मध्यापासून ठरतं, वायवरून नाही. टिपणात पहिल्यांदा 'धन कॅम्बर (माथा बाहेर)' असं लिहा.