हँडब्रेक पूर्ण खाली, तरी घाट उतरताना मीटरवर लाल दिवा (स्विफ्ट, सातारा)

रानवाट_सातारा
नमस्कार. स्विफ्ट पेट्रोल, २०१४ ची, ८१ हजार किलोमीटर झालेत. एबीएस नाही. मी शाहूपुरीत राहते आणि कास रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. म्हणजे यवतेश्वरचा घाट रोज सकाळी चढायचा, संध्याकाळी उतरायचा.

तीन आठवड्यांपासून घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबला की हँडब्रेकचा लाल दिवा लागतो. दोन-चार सेकंद राहतो आणि आपोआप जातो. चढताना एकदाही लागलेला नाही, गावात सपाटीवरही नाही. ब्रेक लागतोय, गाडी कुठे ओढत नाही. एका गॅरेजात दाखवली, त्यांनी बॉनेटही न उघडता "सेन्सर गेलाय, साडेसहा हजार" सांगितलं. माझ्याकडे या महिन्यात जास्तीत जास्त २,००० आहेत. पाऊस सुरू आहे, घाटात धुकं असतं, आणि दिवा लागला की छातीत धस्स होतं. कुणाला असा अनुभव आहे का?

कृष्णाकाठ_सांगली
मॅडम, हँडब्रेकचा स्विच. शंभर टक्के. माझ्या वॅगनआरला हेच झालं होतं. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. लिव्हर खाली बसली की त्याची पिन दाबली जाते आणि दिवा जातो. स्विचची पट्टी सैल झाली की खड्ड्यात पिन सुटते, दिवा लागतो. विश्रामबागेत अर्ध्या तासात काम झालं, ३५० रुपये. सेन्सर-बिन्सर काही नाही, गॅरेजवाले बाईमाणूस बघून आकडा फुगवतात.

घाटमाथा_०७
माझ्या गाडीत दोन वर्षं हा दिवा लागत होता. शेवटी स्विचची वायर काढून टेप गुंडाळला. आजतागायत त्रास नाही.

जलमंदिर
गाडी विका. अकरा वर्षांच्या गाडीवर पैसे घालू नयेत. मी मार्चमध्ये नवी घेतली, तिला इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे, बटण दाबलं की झालं. चढाला गाडी मागे येत नाही. सज्जनगडला पार्किंगमध्ये लोक वळून बघतात. जुनीचे चांगले पैसे आले, बाकीचं कर्ज. विचार करा.

रानवाट_सातारा
@जलमंदिर, गाडी छान असणार, पण माझं बजेट २,००० आहे.

जुना_फिटर
मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं काढली, आता निवृत्त. एसटीचे ब्रेक हवेवर, तुमचे तेलावर, पण घाट दोघांना सारखाच.

ताई, तो दिवा एकटा हँडब्रेकचा नाही. गोलात उद्गारचिन्ह आहे ना? मग तोच दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढला की लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं की पण लागतो. ऑइलच्या बाटलीत तरंगता फ्लोट असतो, तो खाली बसला की दिव्याचं सर्किट पुरं होतं. ऑइल काठावर असेल तर सपाटीवर फ्लोट तरंगत राहतो. गाडी नाक खाली करून उतरते, वर तुम्ही ब्रेक दाबता, ऑइल पुढं सरकतं आणि फ्लोट टेकतो. सरळ झाली की परत वर. तुम्ही लिहिलंय तसंच.

आता तपासायचं कसं. शेजारी कुणाला तरी बसवा. घाटात दिवा लागला की त्यांनी लिव्हर हातानं खाली दाबून धरायची. दिवा गेला तर सांगलीकर बरोबर, स्विचच आहे. नाही गेला तर बॉनेट उघडा, सपाटीवर गाडी थंड असताना पातळी बघा. ऑइल ओतू नका, आधी मला सांगा.

@घाटमाथा, तुम्ही कुठली वायर काढली ते मला माहीत नाही. पण ती बाटलीच्या फ्लोटची असेल तर ऑइल संपलेलं तुम्हाला पेडल तळाला गेल्यावरच कळेल. वायर आजच जोडून घ्या.

घाटमाथा_०७
लिव्हरखालचीच होती. पण माझी गाडी आहे, मी बघेन.

पोवईनाका_पेट्रोल
स्विच असणार. माझ्या मेहुण्याच्या गाडीत पण स्विचच निघाला. ३००-४०० रुपये.

आणि एक सांगतो, उतरताना गाडी न्यूट्रल करा. ब्रेकवर ताण येत नाही, पेट्रोलही वाचतं. मी खंबाटकी नेहमी न्यूट्रलवर उतरतो.

जुना_फिटर
अहो, उलट सांगताय. न्यूट्रलवर गाडीचा सगळा भार ब्रेकवरच येतो, इंजिन काही धरत नाही. पेट्रोलचं म्हणाल तर इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत नाही, जातंय. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

पोवईनाका_पेट्रोल
वीस वर्षं चालवतोय, काही झालेलं नाही.

कोयनाकाठ
पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवता का? आमच्या पाटणला चार दिवस गाडी उभी होती, मागच्या चाकांचे लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासतात ते) ड्रमला गंजून चिकटले. गाडी हलेना. आता मी पहिला गिअर टाकतो आणि चाकाला दगड लावतो. हँडब्रेक ओढतच नाही.

कृष्णाकाठ_सांगली
उतारावर नुसता गिअर चालत नाही, हँडब्रेक पाहिजेच. दगड लावून निघताना काढायचा विसरलात की बंपर जातो. माझा गेलाय.

कोयनाकाठ
घरासमोरच्या सपाट जागेचं बोलतोय मी.

रानवाट_सातारा
काल नणंदेला बरोबर घेऊन गेले. समर्थ मंदिराकडे उतरताना दुसऱ्याच वळणावर दिवा लागला. तिने लिव्हर दोन्ही हातांनी खाली दाबून धरली, तरी दिवा तसाच. गाडी सरळ झाल्यावर गेला. म्हणजे स्विच नाही.

सकाळी दारात सपाटीवर बॉनेट उघडलं. बाटली बाहेरून इतकी मळलेली होती की ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय रेघा दिसेनात. ऑइल बरोबर खालच्या रेघेवर, आणि रंग कोऱ्या चहासारखा. बाटली हाताने थोडी हलवली तर आतली पातळी रेघेच्या खाली-वर होताना दिसली. ऑइल कधी बदललं होतं ते आठवत नाही. गाडी सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, त्यानंतर तर नाहीच.

वाईकर_दादा
झालं मग! शंभर रुपयांची बाटली आणा आणि वरच्या रेघेपर्यंत ओता. दिवा गेला, विषय संपला.

पोवईनाका_पेट्रोल
हेच लिहिणार होतो. टॉप अप.

कास_पठारी
कृपा करून असं करू नका. मी हेच केलं होतं. ऑइल भरलं, दिवा गेला, सहा महिने निश्चिंत फिरलो. मग पुढून खरर्र आवाज यायला लागला. ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते) संपून लोखंड डिस्कवर घासत होतं, दोन्ही डिस्क गेल्या. वर नवे पॅड बसवताना पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबल्यावर बाटलीतलं ऑइल उतू गेलं आणि मडगार्डवर सांडलं. लगेच पाणी ओतायला हवं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी रंगाचे पापुद्रे निघाले. दिवा मला सांगत होता आणि मीच त्याचं तोंड बंद केलं.

जुना_फिटर
बरोबर. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे एकतर गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन तेवढा बाहेर राहतो आणि मागची जागा भरायला बाटलीतलं ऑइल जातं. ताई, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, आणि आत पेडलच्या वरच्या रॉडला बोट लावून बघा. ओल असेल किंवा पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागेवरून हलवू नका.

रानवाट_सातारा
ओल कुठेच नाही, पेडल घट्ट आहे. पण शेजारच्या दादांनी चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलं, ते म्हणाले पॅड अजून निम्मे शिल्लक आहेत. मग ऑइल गेलं कुठे?

जुना_फिटर
जाळीतून बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना गंजून जाम झाल्या की आतला पॅड एकटाच दाबला जातो आणि तोच संपतो. चाक काढल्याशिवाय कळणार नाही. आणि तोवर घाट नको.

जलमंदिर
म्हणून म्हणतो विका.

सह्याद्री_ड्राइव्ह
कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. कॅलिपर पूर्ण बदला, डिस्क बदला, मागचे लायनर बदला. ब्रेकच्या बाबतीत पैसे बघू नयेत. मी मागच्या वर्षी चौदा हजार घातले.

कोयनाकाठ
ऑइल बदलायची गरज नाही, सीलबंद सिस्टिम असते. माझं दहा वर्षं तेच आहे.

जुना_फिटर
सीलबंद असली तरी ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे ओलावा काय कमी आहे? डॉट ३ ऑइल कोरं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं. पाणी मुरलेल्या ऑइलची मर्यादा १४० वर येते. लांब घाटात कॅलिपर तापला की ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल एकदम मऊ होतं. दर दोन वर्षांनी बदलावं. ताई, बदलून घ्याच, आणि मागचे ड्रमही याच वेळी उघडून घ्या.

रानवाट_सातारा
उशिरा लिहितेय, माफ करा. चार दिवस गाडी दारात ठेवली आणि बामणोलीच्या एसटीने शाळेत गेले. शनिवारी वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे सपाट रस्त्याने हळू नेली. उजवं चाक ठीक होतं. डावं काढलं आणि मिस्त्रींनी आतला पॅड माझ्या हातात दिला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा जाड थर उरला होता, एका कडेला तर तेवढाही नाही, पत्र्याची चकाकी दिसत होती. बाहेरचा खरंच निम्मा होता. खालची पिन इतकी जाम की ती काढायला त्यांना वीस मिनिटं लागली. गंज लाल पिठासारखा खाली पडत होता.

डिस्कला बोट फिरवून बघितलं, खाचा नाहीत. म्हणून डिस्क बदलली नाही, कॅलिपरही नाही. पिना घासून साफ केल्या, नवे रबर आणि ग्रीस, दोन्ही चाकांना नवे पॅड, आणि ऑइल पूर्ण काढून नवीन. पॅड १,२५०, रबर-ग्रीस २००, ऑइल ३००, मजुरी ७००. एकूण २,४५०. बजेटच्या वर ४५० गेले, ते नणंदेने दिले.

@जुना_फिटर, मागचे ड्रम तुम्ही सांगूनही या वेळी उघडले नाहीत. पैसे नव्हते. हँडब्रेक ओढताना चौथ्या 'टिक' आवाजाला धरतोय, बोगद्याच्या चढावर लावून बघितला, गाडी हलली नाही. ड्रम दिवाळीच्या सुट्टीत उघडणार.

आज संध्याकाळी पूर्ण घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले. दिवा लागला नाही. पातळी वरच्या रेघेला आहे. बाटलीवर मार्करने तारीख लिहून ठेवलीय, दर महिन्याला बघणार.

जुना_फिटर
दिवाळीपर्यंत थांबायला माझी ना आहे, पण गाडी तुमची. निदान मागच्या चाकांच्या आत ओल येते का ते दर आठवड्याला बघत चला. आणि नव्या पॅडवर पहिले दोन-अडीचशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसू द्या.

कृष्णाकाठ_सांगली
स्विच पण एकदा बघून घ्यायचा होता.

वाईकर_दादा
पॅड कुठल्या कंपनीचे घातले? माझेही बघायला झालेत, मी पसरणी रोज उतरतो.

रानवाट_सातारा
@वाईकर_दादा, खोकं गाडीतच आहे, उद्या बघून सांगते. पण तुम्ही आधी आतल्या बाजूचा पॅड बघा. चाक काढून.