‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणणं हा अविश्वास? मला अजिबात मान्य नाही

नगरची ताई
सर्वांना सलाम. परवा इथे मंडळीतल्या एका सेवकांनी (उपदेशकांनी) लिहिलं की आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असं जोडणं ही संशयाची पळवाट आहे. विश्वास असेल तर आरोग्य हक्कानं मागायचं. खाली आमेनची रांग लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि लगेच ते बापाच्या इच्छेवर सोडलं. त्याला काय संशय होता? प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सततच्या त्रासासाठी, तीनदा विनवलं. काटा तसाच राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं. बायबलमधलं 1 योहान 5:14 तर सरळ सांगतं की त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो ऐकतो.

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता. घरी प्रार्थनेला येणाऱ्यांनी तिला सुनावलं, "केमो घेतेस म्हणजे प्रभूवर भरवसा नाही." तिनं केमो सोडली नाही, पण ती वाचली नाही. मातीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातल्या एकीनं माझ्या भाचीला विचारलं, "आईच्या मनात शंका होती का गं?" नुकती आई गेलेल्या पोरीला हा प्रश्न! ही शिकवण कुठवर जाते ते आम्ही घरात पाहिलंय.

मिरजेचा भाऊ
ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. तो प्रश्न विचारणारीनं पाप केलं. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. माझा मुलगा आयसीयूत असताना आमचे पाळक आले, दोन मिनिटं प्रार्थना केली आणि "देवाची इच्छा स्वीकारायला मन तयार ठेवा" म्हणून निघून गेले. पोरगं श्वास घेत होतं अजून! मी आणि बायको रात्रभर गुडघ्यांवर होतो. आम्ही "दे, प्रभू" एवढंच म्हणालो, पुढे काही जोडलं नाही. आज तो कॉलेजात आहे.

बायबलमधल्या हिज्कीया राजाला तर मरणाचा निरोप आला होता. तो रडला, मागितलं, आणि 15 वर्षं वाढवून मिळाली. लूक 18 मधली विधवा न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाच्या दारातून हलली नाही. तुमच्या त्या वाक्यानं लोक मागायचंच सोडतात.

वसईकर
आम्ही कॅथलिक रोज "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो आणि त्याच प्रार्थनेत आजची भाकरीही मागतो. भांडण कशाचं आहे तेच कळेना.

कंपाउंडवाला
भांडण आहे, दादा. "देवाची इच्छा" कोण ठरवतं, याचं. आमच्या चर्चच्या मिशन कंपाउंडची जागा बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा चर्चच्या पंचांनी उभं राहून सांगितलं, "आम्ही उपास-प्रार्थना केली, प्रभूनं दाखवलं." सभेचा ठराव कुठाय विचारलं तर मलाच बंडखोर ठरवलं.

मिरजेचा भाऊ
विषय आजाऱ्यांचा चाललाय. जमिनीचं वेगळं लिहा.

कंपाउंडवाला
नाही लिहिणार वेगळं. खाटेवरच्याला गप्प करणारं वाक्य तेच आणि सभासदाला गप्प करणारंही तेच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, कलम 36 वाचा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिनशेती जागा 3 वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायलाही लागते. प्रभूनं दाखवलं असेल तर परवानगीचा कागदही दाखवा.

वडीलमंडळ
पंचांना उठसूट चोर म्हणायची फॅशन झालीय. मी वर्षानुवर्षं फुकट सेवा केली. गळकं छप्पर, थकलेला पाळकाचा पगार, वर्गणी द्यायला कोणी नाही. मग जागा द्यायची नाही तर काय करायचं?

कंपाउंडवाला
तेच सभेत बोला ना! "पैसे नाहीत" म्हणा, आम्ही ऐकू. देवाचं नाव पुढे केलं की हिशेब विचारणारा देवाचाच विरोधक ठरतो.

वडीलमंडळ
ठराव सभेपुढे यायला हवा होता, एवढं मान्य. बाकी तुमची भाषा मान्य नाही.

केडगावजवळची
जमीन पुरे झाली आता, मूळ मुद्द्यावर या. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन माझ्या गावाशेजारी आहे. दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांच्या धान्यासाठी, पाण्यासाठी बाई नाव घेऊन मागायच्या आणि विहिरीही खणायच्या. 1905 चं संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, तिथंच झालं, मुली तासन्‌तास प्रार्थनेत असायच्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. आता कोणी सांगावं मला, रमाबाईंचा विश्वास कुठे कमी पडला?

मिरजेचा भाऊ
रमाबाईंविषयी कोण बोलणार? ठीक आहे, न मिळालेल्याचा विश्वास मोजू नये, हे घेतलं. पण मागण्याआधीच हात आखडायचा, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

नगरची ताई
मीही तसं म्हटलेलं नाही, भाऊ. दावीद राजानं आजारी लेकरासाठी सात दिवस अन्न सोडलं, जमिनीवर पडून राहिला. लेकरू गेल्यावर उठला, अंघोळ केली आणि परमेश्वराच्या घरी जाऊन नमन केलं. मागताना त्यानं काही हातचं राखलं नव्हतं. तुमचे पाळक दोन मिनिटांत निघाले, ते त्यांचं चुकलंच. पण ज्या सेवकांनी ती पोस्ट लिहिली, त्यांनी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांनी इथे येऊन माझ्या भाचीला उत्तर द्यावं. ती हा धागा वाचतेय.