चाकं टेकली की लगेच उभं राहायचं का?

मुक्ता_ऐरोली:
परवा रात्री नवी मुंबईच्या विमानतळावर उतरले. २५ डिसेंबर २०२५ला इथून विमानं सुरू झाल्यापासून सांताक्रूझची खेप वाचते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण विमान धावपट्टीवरून बाहेर वळतंय न वळतंय तोच माझ्या पुढच्या चार रांगा उभ्या. वरचे कप्पे फटाफट उघडले. मागच्या जम्पसीटवरची, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवरची मुलगी माइकवर दोनदा ‘बसून राहा’ म्हणाली, तिसऱ्यांदा ओरडली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये काढली आहेत, म्हणून जीव तुटतो. विमान जागेवर जाईपर्यंत त्या मुलीचं काम संपलेलं नसतं. दाराला स्लाइड, म्हणजे फुगणारी घसरगुंडी जोडलेली असते, आम्ही म्हणतो दार ‘आर्म’ आहे. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट, म्हणून टॅक्सी चालू असताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, ती तशीच ठेवायची. पण त्याच अवस्थेत कुणी चुकून आतून दार उघडलं तर स्लाइड काही सेकंदांत फुगून बाहेर, आणि खाली माणूस असला तर त्याची धडगत नाही. विमान थांबलं की सीनिअर हुकूम देते, मग लिव्हर फिरवायचा, लाल फितीची पिन खोचायची, समोरच्या दारावरचीने आपलं दार बघायचं, आपण तिचं. मिनिटभराचं काम, पण चित्त थाऱ्यावर ठेवून करायचं. तेव्हा तिचं लक्ष उभ्या माणसांत अडकू नये, एवढंच मागणं आहे.

घोडबंदर_७२:
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. महिन्यातून सहा-सात वेळा बंगळूरला जातो. गुडघे समोरच्या सीटला टेकलेले, त्यात दोन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालंय. उतरल्यावर दोन मिनिटं ताठ उभा राहिलो तर कुणाचं काय बिघडतं? टीएमटीच्या बसमध्ये माणसं दांडीला धरून रोज वाघबीळ गाठतात, तिथे कुणी बसा म्हणत नाही. आणि ही सवय हौसेची नाही. लोकलने ठाण्याला उतरायचं तर मुलुंडलाच दाराकडे सरकावं लागतं, नाहीतर गर्दी तुम्हाला कळव्याला घेऊन जाते. ज्याची उमर त्यात गेली तो उठणारच.

मुक्ता_ऐरोली:
पाठीचं दुखणं मी नाकारत नाही. पण बसमध्ये दांडी असते, विमानात काय धरणार? सरळ टॅक्सीवेवर विमान ३० नॉटपर्यंत जातं, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. आणि ब्रेक कधी लागेल ते पायलटलाही आधी ठाऊक नसतं. सामानाची गाडी आडवी आली, कंट्रोलने थांब म्हटलं, की थांबायचं.

एकदा एका गृहस्थांनी वरून बॅग ओढली आणि तेवढ्यात कचकन ब्रेक लागला. बॅगेमागून स्टीलचा डबा आला तो थेट खालच्या आजींच्या कपाळावर. भुवईतून रक्त पदरावर. मी एका हाताने गॉज दाबून धरलं होतं, दुसऱ्या हाताने सीटचा पाय, कारण विमान अजून चालतच होतं. डब्यातले डिंकाचे लाडू रांगेभर घरंगळत होते. आजी मला विचारत होत्या, “बाळा, माझ्यामुळे उशीर झाला का गं?” ते अजून विसरता येत नाही.

रॅम्पवाला_उलवे:
खालून सांगतो, रॅम्पवर म्हणजे विमानं उभी राहतात तिथे काम करतो. विमानाचा लाल बीकन दिवा लुकलुकतोय तोवर इंजिन चालू आहे असंच आम्ही धरतो, जवळ जात नाही. उतरल्या उतरल्या इंजिन बंदही करता येत नाही, पुष्कळ जेट इंजिनं साधारण ३ मिनिटं मंद फिरवून निववावी लागतात. तेवढ्या वेळात कॅप्टन विमान वळवत असतो, को-पायलट पंखांचे फ्लॅप आत घेतो, वेदर रडार बंद करतो, शेपटीतला एपीयू, म्हणजे वीज देणारं छोटं इंजिन, चालू करतो, शिवाय कान रेडिओला. त्यात केबिनमधून निरोप गेला की लोक उभे आहेत, तर कॅप्टन विमान जागच्या जागी थांबवू शकतो. मग घाई करून मिळवलं काय?

आणि उतरलो म्हणजे सुटलो, असं नसतं. २० ऑगस्ट २००७, ओकिनावातलं नाहा. चायना एअरलाइन्सचं ७३७ तैपेईहून नीट उतरलं, टॅक्सी करून जागेवर आलं. पंखातला एक सुटा बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसला होता. गळती झाली, पेट घेतला. १६५ जण वेळेत बाहेर पडले आणि सगळे वाचले. मागे विमानाचा स्फोट झाला.

घोडबंदर_७२:
पण दादा, तिथे विमान थांबलेलं होतं. तुमच्याच नियमाने लोक तेव्हा उभे असते तरी चाललं असतं. मग हे उदाहरण माझ्या विरोधात कसं?

मुक्ता_ऐरोली:
बरोबर पकडलंत. उभं राहणं एक आणि वाट बॅगांनी बुजवणं दुसरं, मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेडावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरतानाच कोस्ट गार्डच्या विमानावर आदळलं. प्रवासी विमानातले ३७९च्या ३७९ बाहेर पडले, सामान तिथेच सोडून. आपल्याकडे वाटेत आधीच चाळीस ट्रॉलीबॅगा उभ्या असतील तर मागच्या रांगांचं काय?

सीवूड्सची_लेक:
माझं म्हणणं दोघांच्याही विरुद्ध आहे. आई ७४ची, पहिलाच विमानप्रवास. लोक उठले म्हणून तीही उठली. क्रूने तिला फटकारलं, ती घरी येईपर्यंत गप्प होती. घोषणा हिंदी-इंग्रजीत. त्यात बाहेरचं तापमान, पुढच्या तिकिटाची सवलत, आभार, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी “बसून राहा”. उलव्याच्या या विमानतळावर उतरणाऱ्या विमानात ते वाक्य मराठीत का नाही? जिवाशी गाठ आहे म्हणता, तर मग जाहिरात आधी कशी?

घोडबंदर_७२:
हे शंभर टक्के.

मुक्ता_ऐरोली:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. आईंना फटकारलं ते चूकच. घोषणेचा कागद हातात मिळायचा, त्याच क्रमाने वाचायचा. शेवटची दोन वर्षं नागपूरच्या फेरीत सीनिअरच्या परवानगीने मी कागद संपल्यावर एवढंच म्हणायचे, “पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत उठू नका, बॅग काढू नका.” मावश्या बसायच्याच, शेजारच्यालाही मनगट धरून बसवायच्या.

घोडबंदर_७२:
असं सांगितलंत तर पाठ दुखली तरी बसेन. पण मग विमान थांबल्यावर दार का उघडत नाही, तेही त्याच माइकवर सांगा. गेल्या महिन्यात इंजिन बंद होऊन २० मिनिटं झाली, शिडी आली नव्हती. आम्ही कप्प्याखाली मान वाकवून उभे, आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

रॅम्पवाला_उलवे:
शिडी असते, कधी कधी ती चालवणारा दुसऱ्या विमानावर असतो. हे आत कुणी कळवायचं, यावरून आमच्याकडेही रोज वाद होतात.