मदत हवी आहे : इम्प्लांटचं मशीन रात्री काढल्यावर कानातला आवाज परत येतो का?

आई ६८ वर्षांची आहे. उजवा कान जवळपास गेलाय आणि त्याच कानात ६ वर्षांपासून जुन्या ट्यूबलाइटसारखं गुणगुणणं चालू आहे, चोवीस तास. एमआरआय, रक्त तपासण्या, बीपी सगळं नॉर्मल. डाव्या कानाला श्रवणयंत्राने भागतं. उजव्याला लावलं तर नुसता गोंगाट, शब्द एकही कळत नाही. पावसाच्या आवाजाचं अ‍ॅप लावून पाहिलं, पण जे ऐकूच येत नाही ते गुणगुण झाकणार कसं!

आता उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सुचवलंय, मुख्यतः ऐकण्यासाठी. त्याचे इलेक्ट्रोड थेट श्रवणनसेला संकेत देतात, त्यामुळे बऱ्याच जणांचा टिनिटस (म्हणजे कानातला असा आवाज) कमी होतो, काहींचा तसाच राहतो, थोड्यांचा वाढतो, असं ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) स्पष्ट सांगितलंय. खात्री कुणी देणार नाही हे मान्य आहे, त्यामुळे 'करावं की नाही' हा प्रश्न नाही.

अडलंय ते रात्रीचं. इम्प्लांटचं बाहेरून लावायचं मशीन, म्हणजे प्रोसेसर, झोपताना काढतात, आणि आईला त्रास होतो तोही नेमका झोपतानाच. शिवाय ऑपरेशननंतर मशीन चालू व्हायला २ ते ४ आठवडे जातात, तेव्हा उरलंसुरलं ऐकणंही गेलेलं असू शकतं.

ज्यांनी स्वतः किंवा घरात कुणी हे अनुभवलंय त्यांनी सांगा : प्रोसेसर काढल्यावर आवाज लगेच परत येतो, की काही वेळ शांतता टिकते? आणि मधले ते आठवडे तुम्ही कसे काढलेत?